डबे, लोकल आणि मिस मार्पल

अभिरुचीविषयी वर्गात बोलताना आपण ज्या वाचकाची कल्पना करतो तो बहुधा निवांत असतो. त्याच्यापाशी एक सलग दुपार असते, खिडकीजवळची खुर्ची असते आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी हाक मारीत नाही. 'सहृदय', 'रसिक', 'जाणता वाचक' असे शब्द आम्ही दोघी गेली वीसएक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. पण या सहृदयाला सकाळी साडेसहाला चार डबे भरायचे असतात काय, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. तो पडायला कारण झाली ती आमच्यातल्या एकीची आई. (दुसरीनेही तिच्या हातचे इतके जेवण जेवले आहे, की पुढे तिला नुसते 'आई' म्हटलेले चालावे.)

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. डोंबिवलीहून फोर्टातल्या एका कचेरीत तिने तेहतीस वर्षे कारकुनी केली. घरात सासू-सासरे, दोन मुली, फिरतीची नोकरी असलेला नवरा. या धबडग्यात ती वाचीत असे, आणि वाचीत असे ते जवळजवळ एकाच प्रकारचे: इंग्लंडातल्या लहानशा खेड्यात, एखाद्या बऱ्यापैकी घरात, चहाच्या सुमारास उघडकीला येणारे खून. सुरुवात भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या शेरलॉक होम्सपासून झाली. पण होम्स तिला फार दिवस पुरला नाही. 'तो सारखा स्वतःकडेच बघत असतो गं,' असे तिचे मत होते. फाउंटनजवळच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग लागत. तिथे तिला अगाथा ख्रिस्ती सापडली, मग पॅट्रिशिया वेंटवर्थची विणकाम करणारी मिस सिल्व्हर. ख्रिस्तीचे इंग्रजी सरळ, वाक्ये आटोपशीर, बी.ए.पर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या बाईला शब्दकोश न उघडता पेलतील अशी.

इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर घालायच्या कापडी टोपीलाही तोच शब्द आहे. खून होतो, पण रक्त फारसे सांडत नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते, कोणी हौशी, पुष्कळदा वयस्क बाई असते. जग लहान असते आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्याचा उलगडा होतो. अशा वर्णनानंतर आमच्या विद्यापीठीय परिभाषेत जो शब्द आपोआप जिभेवर येतो, तो 'पलायनवाद'. आमच्याही आला होता.

ही गोष्ट २००२ सालची. आम्ही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि त्या वयात जितके निर्दय होता येते तितके होतो. एका रविवारी आईच्या हातातले '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' आम्ही हसत हसत काढून घेतले आणि त्याजागी 'कोसला' ठेवली. 'खरी कादंबरी वाच आता,' असे म्हणालो. तिने ती घेतली. तीन आठवडे ती लोकलमध्ये, फोर्टात आणि परत अशी फिरली. मग एके दिवशी टेबलावर येऊन पडली. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी लोकलच्या जुन्या पासाची खूण तशीच. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, 'चांगलं आहे. पण मनी गेली तिथं मला पुढं वाचवेना. रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी उठून डबे होते. तुम्ही वाचलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुट्टी होती का?'

सुट्टीच होती. वसतिगृहात पडून आम्ही ते पान वाचले होते आणि दुसरा सबंध दिवस कोणाशी न बोलता काढला होता. त्या न बोलण्याचा आम्हाला अभिमानही वाटला होता. साहित्य माणसाला मुळापासून हलवते, हे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहिलेही असेल. हलल्यानंतर पुन्हा जागेवर यायला जो वेळ लागतो तो कोणापाशी असतो आणि कोणापाशी नसतो, हे मात्र कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आले नाही.

तेव्हा आम्ही गप्प बसलो ते केवळ उत्तर न सुचल्यामुळे. आपले चुकले होते हे कळायला आम्हाला स्वतःला नोकरी, घर आणि (एकीला) दोन मुलगे होऊन जावे लागले. आज आमच्याही उशाशी रात्री पावणेअकराला जे पुस्तक असते त्याचे नाव आम्ही चर्चासत्रात सांगत नाही.

या वाचनाची तरफदारी दमलेल्या जिवाचा विरंगुळा म्हणून करता येते, पण ती आम्हाला अपुरी वाटते, कारण तिच्यात दयाबुद्धी आहे. आमचा मुद्दा रूपबंधाचा आहे. रहस्यकथा हा तुटक वेळेत वाचता येणारा प्रकार आहे हे तर खरेच. पण त्याहीपुढे जाऊन आम्ही म्हणू, की तुटकपणाने तिचे वाचन अधिक चांगले होते. संज्ञाप्रवाही कादंबरी बारा मिनिटांनी मिटली की तिची लय मोडते, आणि पुन्हा उघडल्यावर ती लय पकडण्यातच पुढली बारा मिनिटे जातात. ख्रिस्तीची कादंबरी ठाण्याला मिटली तर दादरपर्यंत वाचक विचार करीत राहतो. सहासात संशयित, एक घर, घड्याळातल्या वेळा, कोणी खोटे बोलल्याची पुसट शंका: हे सारे डोक्यात मावते आणि पोळ्या लाटताना उलटसुलट करून पाहता येते. पुस्तक मिटलेले असतानाच या वाचनाचे मुख्य काम चालते. कित्येकदा आईने कढईसमोरून ओरडून खुनी सांगितलेला आहे. पुस्तक तेव्हा बाहेर तिच्या पर्समध्ये असे.

डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ साली 'द गिल्टी व्हिकरेज' नावाचा एक सुंदर निबंध लिहिला. आपल्याला रहस्यकथांचे व्यसन आहे, एकदा हाती घेतली की संपेपर्यंत काम होत नाही आणि झोप येत नाही, अशी कबुली त्यात आहे. त्याआधी १९४५मध्ये एडमंड विल्सन या समीक्षकाने रॉजर अॅक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला, असे शीर्षकातच विचारून हे व्यसन मूर्खपणाच्या दृष्टीने धूम्रपान आणि शब्दकोडी यांच्या मध्ये कुठेतरी बसवले होते. एकाचा जिव्हाळा आणि दुसऱ्याचा तिटकारा. पण दोघांच्याही डोळ्यांसमोरचा वाचक एकच, एका बैठकीत फडशा पाडणारा. संपेपर्यंत झोप न येणे ही चैन आहे. आईने आयुष्यात एकही रहस्यकथा एका बैठकीत वाचलेली नाही. उलगड्याला नऊ पाने उरली असताना पुस्तक मिटून कुकर लावायला उठणाऱ्या वाचकाला व्यसनी म्हणावे की योगी, हे ऑडेननेच सांगावे.

आणि हे सगळे लिहिणाऱ्या बाईंचे तरी काय होते? 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' ही ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२०मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले विषाचे ज्ञान पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे तयार करण्याच्या खोलीत काम करताना मिळालेले. पुढे नावलौकिक झाल्यावरही आपल्याला लिहायला स्वतंत्र खोली नव्हती, शयनगृहातले संगमरवरी टेबल किंवा दोन जेवणांच्या मधल्या वेळात मोकळे असलेले जेवणाचे टेबल पुरत असे, असे तिने मृत्यूनंतर १९७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे.

'४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७) हेच उदाहरण जरा सावकाश पाहू. शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीच्या डब्यात एक पुरुष एका बाईचा गळा दाबताना मिसेस मॅकगिलिकडी पाहतात. प्रेत सापडत नाही, म्हणून कोणी विश्वास ठेवीत नाही. मिस मार्पल ठेवते. मध्य रेल्वेवर धीम्या गाडीतून जाताना शेजारून जलद गाडी सरकत जाते, आणि क्षणभर अनोळखी बायकांचे चेहरे हाताच्या अंतरावर येतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या प्रसंगाची जागा समजावून सांगावी लागत नाही. पुढे वेळापत्रक आणि नकाशा यांवरून मिस मार्पल एका घराचा अंदाज बांधते आणि तिथे लुसी आइल्सबॅरो या तरुणीला कामाला धाडते. ही लुसी ऑक्सफर्डची गणितातली प्रथम श्रेणीची पदवीधर. घरकाम नीट करणारी माणसे मिळत नाहीत हे ओळखून तिने तोच व्यवसाय पत्करला आहे, आणि ती त्याचे सणसणीत पैसे घेते. ती स्वयंपाक करते, चांदी घासते, म्हाताऱ्याची कुरकुर ऐकते, आणि मधल्या वेळात प्रेत शोधते. फोर्टातल्या कारकून बाईला हे पात्र का आवडले असेल, यावर आम्ही एके काळी शोधनिबंध लिहिला असता. आता वाटते, त्यात शोधायचे फारसे काही नाही. घरकामाला डोके लागते आणि त्याचे मोल असते, हे कोणीतरी छापून ठेवले होते.

मिस मार्पलची ज्ञानपद्धतीही अशीच घरातली. कादंबरीत ती पहिल्यांदा अवतरली १९३०मध्ये, 'द मर्डर अॅट द व्हिकरेज'मध्ये. समोरचा माणूस पाहिला की तिला गावातला कोणीतरी आठवतो, असाच वागणारा, असेच खोटे बोलणारा. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर तिचे आवडते प्रमाण उपमान. आपल्याकडे याच गुणाला भोचकपणा म्हणतात आणि तो बायकांच्या नावे जमा करतात.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात अमेरिकेतल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास मांडला. हातात पुस्तक धरणे म्हणजेच घरादाराला 'हा वेळ माझा' असे बजावणे, हे त्यांचे निरीक्षण आईलाही लागू पडते. परंतु प्रेमकथेचा आशय शेवटी वाचकाला त्याच संसारात समाधानाने परत आणून सोडतो, अशी रॅडवे यांची खंत आहे. खुनाच्या कथेचे तसे नाही. तिच्यात दुधाचा पेला, औषधाची बाटली, लाघवी पुतण्या, कर्तबगार नवरा, सगळे संशयित असतात. ज्या घरासाठी आपण दिवसभर राबतो त्या घराकडे अडीचशे पाने संशयाने पाहण्याची मुभा इतर कोणता वाङ्मयप्रकार देतो? आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि आईच्या वडिलांनी त्यांतल्या पुष्कळ वाचल्या. पण झुंजार आणि काळापहाड यांचे जग उंबरठ्याबाहेरचे. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादातही असा वाचक कोणत्याच बाजूला नव्हता.

आक्षेप आहेत, आणि ते आम्ही टाळणार नाही. या कथांमधली शांतता एका वर्गाची आहे. मोलकरणी बावळट, माळी अडाणी, परदेशी माणूस संशयास्पद. मेलेल्यासाठी कोणी फारसे रडत नाही. आणि उलगडा झाल्यावर गुन्हेगार फासावर जाणार, हे पानाबाहेर सोडून दिलेले असते. रेमंड चँडलरने १९४४मध्येच या इंग्रजी पद्धतीच्या कृत्रिमपणावर कडक टीका केली होती, आणि ती बरीचशी खरी आहे.

हे सारे आम्ही आईला ऐकवले, तेव्हा तिने 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) काढून दिली. एका श्रीमंत घरात खून होतात; त्यांत ग्लॅडिस नावाची साधीभोळी मोलकरीणही मारली जाते, आणि मारणारा तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवतो. अनाथाश्रमातल्या या मुलीला घरकाम शिकवले होते मिस मार्पलने. वर्तमानपत्रात बातमी वाचून ती म्हातारी गाड्या बदलत त्या घरी येते, ती घरच्या मालकासाठी नव्हे, ग्लॅडिससाठी. तो चिमटा तिला सहन होत नाही. आई म्हणाली, 'एवढ्या श्रीमंतांच्या खुनात कामवालीसाठी कोणी गाडी पकडून आलं, हे मला पुरतं.' आमच्याकडे अकरा वर्षे भांडी घासणाऱ्या मावशी कुठून येतात, त्यांचे आडनाव काय, हे त्या संध्याकाळी आम्हा दोघींपैकी एकीलाच सांगता आले. चँडलरचा आक्षेप याने खोडला जात नाही. पण तो आम्ही आता जरा हळू आवाजात शिकवतो.

सध्या आईकडे रिचर्ड ऑस्मन आहे. 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) या त्याच्या कादंबरीतले चौघे निवृत्तांच्या वसाहतीत राहून जुने खून उकरून काढतात. आईला आता हाका मारणारे घरात कोणी नाही, वेळ हवा तेवढा आहे. तरी ती बारापंधरा मिनिटे वाचते, पुस्तक मिटते आणि उठून काहीतरी करते. 'कोसला' तिने गेल्या दिवाळीत मागून घेतली. ती कुठवर आली आहे हे आम्ही विचारलेले नाही.

हा लेख प्रसिद्धीला देण्यापूर्वी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'एवढं काही नसतं गं त्यात, आवडतं म्हणून वाचते.' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'आणि ग्लॅडिसच्या पुस्तकाचा शेवट कशाला लिहिलात? कोणाला वाचायचं असेल.' ती वाक्ये आम्ही वरून काढून टाकली आहेत.