चकली मऊ का पडते?

दर दिवाळीला हाच प्रश्न मला विचारला जातो, आणि दोष बिचाऱ्या भाजणीला! धुऊन वाळवलेले तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, उडदाची १, पाव वाटी धने, थोडे जिरे. सारे वेगवेगळे मंद आचेवर भाजून दळावे. २ वाट्या पिठास २ मोठे चमचे कडकडीत मोहन पुरे. जास्त झाले तर चकली तेलात विरघळते.

खरी मेख तळणीत आहे. धुरावलेल्या तेलात ती वरून लाल होते, आत पाणी तसेच राहते. तेलाच्या या भावात घाणा वाया घालवणे कुणाला परवडते? बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ. ते जवळजवळ थांबेपर्यंत झारा आवरावा. चकल्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्या. तोवर मुलांच्या हाती मोडक्या द्याव्या!