उंबरठ्याबाहेरचें बाळंतपण

अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापुरास आमचे बहुतेक वाचक जाऊन आले असतील. घरांना दारें न लावण्याची तेथील चाल सर्वश्रुत आहे. त्या मोकळ्या चौकटी पाहतांना आमच्या मनांत मात्र निराळाच विचार आला. दार नसलें तरी उंबरठा असतोच. आणि वेणा सुरू झालेली सून तो ओलांडून रुग्णालयांत जाते, ती कोणाच्या शब्दानें?

हा प्रश्न एका गांवाचा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दवाखान्यांत होणाऱ्या प्रसूति २००५-०६ मध्यें शेंकडा ६४.६ होत्या, त्या २०१९-२१ मध्यें शेंकडा ९४.७ झाल्या. ह्याचें श्रेय सरकारी योजनांस दिलेंच पाहिजे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेंत खेड्यांतील गरीब बाळंतिणीस ७०० रुपये मिळूं लागले. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूति, औषधें, जेवण व जाण्यायेण्याची गाडी हें सर्व विनामूल्य झालें. तथापि सातशें रुपयांसाठीं कोणी सासू आपला हेका सोडील, असें आम्हांस वाटत नाहीं. “आमचीं सगळीं घरींच झालीं, काय बिघडलें?” हा तिचा बिनतोड मुद्दा! जिचें बिघडलें ती सांगावयास मागें राहिलीच नाहीं, एवढेंच. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबला नाहीं, तर धडधाकट स्त्रीही दोन तासांत दगावूं शकते. तेवढ्यांत घरच्यांचें एकमत केव्हां व्हावें आणि गाडी केव्हां यावी?

ह्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें. त्यांनीं गांवोगांवच्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. साधीं बाळंतपणें त्या गांवांतच करीत. लक्षण अवघड दिसलें कीं रुग्णालयाची वाट दाखवीत. परक्या डॉक्टरापेक्षां शेजारच्या बाईचें म्हणणें सासूस लवकर पटतें. आज हें काम आशाताईंकडे आहे. त्या सोबतही जातात, आणि गर्भिणीस खरी भीति असते ती एकटें पडण्याची व अनोळखी माणसांच्या खेंकसण्याची.

आमच्या वाचकांच्या घरचीही एक गोष्ट सांगावयाची राहिली. पहिलटकरीण सातव्या महिन्यांत माहेरीं निघते, तेव्हां ओटी भरली जाते, साडीचोळी होते. तपासणीचे कागद मात्र सासरच्या फडताळांत राहतात. रक्तगट, झालेल्या तपासण्या, ठरलेलें रुग्णालय आणि सरकारी गाडीचा १०२ हा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून कागदांसह तिच्या पिशवींत घालावा. स्वयंपाकीणबाईंची मुलगी बाळंतपणास येणार असेल, तर तिची चिठ्ठीही वडील मंडळींनींच बसून लिहून द्यावी.