व्यवहार आणि विवेक : उघडा संगणक आणि परक्याची ठेव

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवाच्या पर्वात, व्यापारी घरांत वहीपूजन होते. पूर्वी चौरंगावर लाल कापडात बांधलेल्या रोजकीर्द-खतावण्या असत. आता त्यांच्या शेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लागते. वही गादीवर उघडी टाकून मुनीमजी जेवायला उठले, असे मात्र जुन्या पेढीत सहसा घडत नसे. एका गिऱ्हाईकाची उधारी दुसऱ्याच्या नजरेस पडणे हा पेढीला कमीपणा मानला जाई. वहीची जागा संगणकाने घेतली. तो संकेत त्याच्याबरोबर आला का, हा प्रश्न आहे.

सांगलीसारख्या बाजारपेठेतील एखादे अडतदाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. यार्डातील दुकान मुलगा सांभाळतो. सत्तरी ओलांडलेले अण्णा घरच्या संगणकावर टॅलीतील नोंदी तपासतात. सून जीएसटीची विवरणपत्रे भरते. सकाळी यंत्र सुरू केले की पासवर्ड विचारणारा पडदा समोर येतो. एखादे अक्षर चुकते, पुन्हा टंकावे लागते, आणि अण्णांची चिडचिड होते. सुट्टीत घरी आलेला नातू ते पाहतो.

“अण्णा, रोज कशाला हा त्रास? दोन मिनिटांत तो पडदाच काढून टाकतो.”

“काढता येतो तो?”

“येतो की! बटण दाबलं की थेट तुमचं काम समोर.”

नातवाचे म्हणणे खोटे नाही. विंडोजमध्ये ‘नेटप्लविझ’ ही आज्ञा दिली की वापरकर्त्यांच्या खात्यांची चौकट उघडते. नाव व पासवर्ड दिल्याशिवाय संगणक वापरता येणार नाही, या अर्थाच्या वाक्यापुढची खूण काढायची, पासवर्ड एकदाच दोन वेळा भरायचा, की पुढच्या वेळेपासून यंत्र स्वतःच आत शिरते. नव्या संगणकांवर ही खूण कित्येकदा दिसतच नाही. कारण तेथे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांनीच प्रवेश द्यावा, अशी मांडणी असते. ती बदलली की खूण पुन्हा दिसते.

परंतु या सोयीत नेमके काय घडते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. पासवर्ड नाहीसा होत नाही. तो यंत्राच्या आतच ठेवला जातो आणि यंत्र तो आपल्या वतीने भरते. कुलूप तसेच राहते, पण किल्ली त्याच कुलपात अडकवून ठेवलेली असते. या पद्धतीत पासवर्ड झाकलेल्या रूपात असला, तरी त्या यंत्रावर पूर्ण अधिकार मिळवणाऱ्या जाणकाराला तो काढता येतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत हाताने बदल करण्याची दुसरी एक पद्धत आहे. तीत तर पासवर्ड साध्या, वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेला राहतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड असेल, तर तो त्या एका यंत्रापुरता नसतो. टपाल आणि दूरच्या साठवणीतील कागदपत्रेही त्यानेच उघडतात.

बेत सुनेच्या कानी पडला, तेव्हा तिने एवढेच विचारले, “अण्णा, या संगणकात आपलं एकट्याचं काय आहे?”

प्रश्न मार्मिक होता. त्या यंत्रात शेतकऱ्यांच्या पट्ट्या आहेत, त्यांचे बँक खाते क्रमांक आहेत. खरेदीदारांची येणी आहेत, हमालांच्या मजुरीचा हिशेब आहे, नातलगांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती आहेत. यातील फार थोडे अण्णांच्या मालकीचे. बाकीचे लोकांनी विश्वासाने दिलेले, म्हणजेच न्यास, परक्याची ठेव.

आणि हे यंत्र नेहमी घरातच राहते असेही नाही. ते दुरुस्तीला जाते. घरात रंगकाम निघते, पाहुणे उतरतात, शेजारची मुले खेळ खेळायला बसतात. यंत्र सुरू होताच टपाल उघडलेले, व्हॉट्सॲप जोडलेले. अनेक संकेतस्थळांवर ‘पासवर्ड विसरलात?’ या पर्यायावर बोट ठेवले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्याच टपालात येतो. म्हणजे एक दार उघडे राहिले की आतल्या कित्येक खोल्यांच्या किल्ल्या हाती लागतात. आमचा खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम नव्या खात्यावर पाठवा, असा एक निरोप पेढीच्या नावाने खरेदीदाराकडे गेला, तर पैसे एखाद्या वेळी परत मिळतीलही. तीन पिढ्यांची पत मात्र तशी परत मिळत नाही.

जैन श्रावकाला हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार आणि साकारमंत्रभेद हे दोन आहेत. एक ठेवीसंबंधीचा, दुसरा इतरांचे गुपित उघड करण्यासंबंधीचा. पासवर्डचा पडदा काढणारा मनुष्य ठेव बुडवत नाही, गुपितही फोडत नाही, हे खरे. पण दुसऱ्याने ते सहज करावे, अशी वाट तो मोकळी ठेवतो. त्याला प्रमाद म्हणावे लागेल, आणि प्रमादावरचा उपाय यत्नाचार, जयणा, हाच आहे.

पासवर्डचा जन्मही याच गरजेतून झाला. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. यंत्र सामाईक, पण प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. आजचा घरचा संगणकही असाच सामाईक असतो.

व्यवहाराच्या बाजूनेही विचार करावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी स्पष्ट केली होती. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्यानेच सोसावे, असे त्यात म्हटले होते. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. ही पद्धत दोघांपैकी कुणावर अविश्वास दाखवण्यासाठी नसते. कुणावरही संशय घेण्याची वेळ येऊ नये, यासाठी असते.

मग अण्णांचा त्रास तसाच राहू द्यावा काय? मुळीच नाही. लांबलचक पासवर्डाऐवजी आकड्यांचा पिन ठेवता येतो. तो त्या एका यंत्रापुरताच चालतो; दुसरीकडे कुणाच्या हाती लागला तरी निरुपयोगी. ठसा ओळखणारे छोटे उपकरण जोडले, तर बोट टेकवणे पुरते. नातवासाठी आणि खेळणाऱ्या मुलांसाठी मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते उघडावे; पेढीचे खाते वेगळे राहावे. टॅलीतील कंपनीच्या माहितीलाही स्वतंत्र पासवर्ड लावावा.

एक मर्यादाही ध्यानात असावी. पासवर्डचा पडदा हा उंबरठा आहे, तिजोरी नव्हे. डिस्क सांकेतिक रूपात बंदिस्त केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडल्यास आतले वाचता येते. म्हणून बिटलॉकरसारखी सोय असल्यास ती वापरावी आणि तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर छापून कपाटात ठेवावी. मात्र ही सोय असूनही लॉगिनचा पडदा काढला, तर अख्खे यंत्र उचलून नेणाऱ्यापुढे ते आपोआप उघडेल आणि सारी तटबंदी व्यर्थ ठरेल.

पडदा काढणे कोठेच योग्य नाही, असेही नाही. पाठशाळेत केवळ प्रवचनांच्या चित्रफिती दाखवणारे यंत्र, ज्यात टपाल नाही, हिशेब नाही, कुणाची कागदपत्रे नाहीत, ते खुशाल थेट सुरू व्हावे. यंत्रात कुणाची ठेव आहे, एवढे पाहून निर्णय करावा.

अण्णांच्या घरी शेवटी नातवानेच आकड्यांचा पिन बसवून दिला. अण्णांनी तो चार वेळा भरून पाहिला. एकदाही चुकला नाही. मग नातवाकडे वळून ते म्हणाले, “आता तू जरा तिकडे बघ. हा मी बदलणार आहे.”

नातू हसत उठला आणि पाठ फिरवून उभा राहिला.