डोंगर दिसेनासा होतो तेव्हा

दूरचा डोंगर आज स्वच्छ दिसतो की पुसट, हे खेड्यातला माणूस अंगणात उभा राहिल्याबरोबर सांगतो. ही नजर म्हणजे हवा मोजण्याचे एक साधनच आहे. ते आपण फार लवकर टाकून दिले, असे मला वाटते.

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘केओनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात ही वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. जेथे नाचणी पिकत होती, तेथे काचेच्या इमारती आल्या. जानेवारी २०१० मध्ये बोम्मनहळ्ळीपासून येथवर सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्गही खुला झाला. पावसाची सर येऊन गेल्यावर या बाजूने नैर्ऋत्येकडे पाहावे, तर बन्नेरघट्ट्याच्या टेकड्या रेखीव दिसतात. हिवाळ्यातील सकाळी त्याच टेकड्या दुधाळ पडद्याआड जातात. हा पडदा केवळ धुक्याचा असतो, असे मानणे सोयीचे आहे. पण ते पुरेसे खरे नाही.

२.५ मायक्रॉनपेक्षा लहान असलेल्या कणांना सूक्ष्मकण म्हणतात. माणसाचा केस त्यांच्याहून सुमारे वीस-पंचवीस पट जाड असतो. यांतील पुष्कळ कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असतो, म्हणून ते प्रकाश सर्वाधिक विखुरतात आणि दूरची वस्तू फिकी पडते. खडी फोडताना उडणारी जाडी धूळ डोळ्यांत जाते आणि लवकर खाली बसते. हे कण मात्र कित्येक दिवस तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर तालुक्याच्या सीमा ओलांडतात. फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात तेही हेच. त्यांतील काही क्षार हवेतील ओल शोषून फुगतात. म्हणूनच तेवढेच कण दुपारी जेवढा डोंगर झाकतात, त्याहून अधिक पहाटे झाकतात. नजरेच्या साक्षीला येथे मर्यादा पडते आणि यंत्राची गरज भासते.

पण यंत्रे आहेत कोठे? भारताने २००९ मध्ये सूक्ष्मकणांसाठी वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा केवळ ५ आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तोही शहरांची यादी करून. बंगळुरू त्या यादीत आहे. मोजणी केंद्रे शहरांत दाटली आणि खेड्यांच्या वाट्याला फारच थोडी आली. जेथे मोजलेच जात नाही, तेथे हवा स्वच्छच आहे असे गृहीत धरले जाते. हा तर्क मला मान्य नाही. चुलीचा धूर, वीटभट्टी, उसाचे जाळलेले पाचट, खडीचे कारखाने, ही सारी गावातलीच आहेत. शिवाय शहराचा धूर वाऱ्याबरोबर येतो तो निराळाच.

अमेरिकेने १९७७ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतील दूरदृश्य जपण्याचे ठरवले आणि १९८५ पासून वस्तीपासून दूरच्या जागी सूक्ष्मकण मोजण्याचे जाळे उभारले. तेथे हेतू डोंगर दिसावा एवढाच होता; आपल्याकडे तर त्या हवेत माणसे श्वास घेतात. आपल्याला यंत्रे करता येत नाहीत, असेही नाही. बंगळुरूच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘दृष्टी’ नावाचे यंत्र तयार केले. एका टोकाकडून सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकापर्यंत किती पोचतो, यावरून ते दृश्यमानता सांगते. विमानतळांच्या धावपट्ट्यांवर ते बसवले गेले. विमानाला जी काळजी मिळते, ती पहाटे दूध घेऊन महामार्गावर येणाऱ्या सायकलस्वाराला का मिळू नये?

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो अगदीच खोटा नाही. प्रत्येक गावाला महागडे केंद्र देता येणार नाही. परंतु तालुक्याला एक विश्वासार्ह केंद्र आणि त्याच्याशी वेळोवेळी ताडून पाहिलेली काही स्वस्त यंत्रे, एवढे तर होऊ शकते. त्यांच्या जोडीला प्रत्येक शाळेने गच्चीवरून दिसणाऱ्या तीन खुणा ठरवाव्यात: एक जवळचे झाड, एक मधली टाकी, एक लांबचा डोंगर. रोज दुपारी तीन वाजता, हवा कोरडी असताना, त्यांपैकी किती दिसल्या ते मुलांनी वहीत लिहावे. यंत्र एखाद्या दिवशी बंद पडले, तरी वहीतली त्या तारखेची ओळ कोरी राहणार नाही.