विश्वास नको म्हणणारे चलन

आपल्याकडे कोणी पैशात बुडाला की त्याची विचारपूस करण्याआधी लोक त्याचा निकाल लावतात. "हाव सुटली होती, दुसरे काय!" एवढे म्हटले की ऐकणाराही मान डोलावतो आणि विषय संपतो. बिटकॉइन आणि तत्सम आभासी चलनांत पैसे गमावलेल्या माणसांच्या वाट्याला हे वाक्य हमखास येते. मला हा निकाल मान्य नाही.

मुळात हे चलन कशासाठी निघाले ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेतील मोठमोठ्या बँका कोसळत असताना, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणी एकाने नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. दोघांच्या व्यवहारात बँकेसारखा मध्यस्थ कशाला हवा? एकच खातेवही असंख्य संगणकांवर ठेवावी, तिच्यातील नोंद कोणालाही खोडता येऊ नये अशी गणिती व्यवस्था करावी, म्हणजे कोणावर विश्वास टाकण्याचे कारणच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त नाणी कधीच निघणार नाहीत, हेही ठरून गेले. कल्पना म्हणून ती देखणी आहे, हे विरोधकांनीही कबूल करावे.

परंतु सामान्य माणसाच्या दारात ती आली कशी? निबंधाची नऊ पाने वाचून किती जणांनी पैसे घातले असतील? माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी ती आली जावयाच्या मित्राबरोबर. चहा झाला, मोबाइलवर आकडे दाखविले गेले, "काका, मी स्वतः घातलेत" असे सांगितले गेले. काकांनी आधी थोडेच घातले. पहिले काही महिने रक्कम वाढताना दिसली, थोडी हातातही आली. मग त्यांनी मुदतठेव मोडली आणि, मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, मेहुण्यालाही या योजनेत आणले. पुढे पैसे निघेनासे झाले. काका पोलिसांत गेले नाहीत. जाणार कसे? तक्रारीत स्वतःचे नाव लिहायचे आणि मेहुण्याला आणणाराही मीच, हेही लिहायचे! आज त्या दोन घरांत लग्नकार्यापुरतेच बोलणे उरले आहे. या माणसाने आयुष्यभर पोस्टाच्या पलीकडे पैसे ठेवले नव्हते. त्याला हावरा म्हणणे मला तरी जमत नाही.

पुण्यात ज्याचा गाजावाजा झाला ते गेनबिटकॉइनचे प्रकरण याच जातीचे. अमित भारद्वाज याची ही योजना २०१५ च्या सुमारास निघाली. तुमची बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या, असा वायदा. शिवाय नवी माणसे जोडली की कमिशन. जुन्यांना द्यायचे ते नव्यांकडून आणायचे, ही युक्ती आपल्या आजोबांच्या काळातील फसव्या भिशीहून वेगळी नाही. २०१७ मध्ये नव्यांचा ओघ आटला, तेव्हा लोकांच्या हातावर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच एक नाणे ठेवण्यात आले. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी, तपासाला मदत म्हणून पोलिसांनी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच तपासातील आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले.

आता गंमत पाहा (गंमत हा शब्द इथे बरा नव्हे). २०१६ साली एक बिटकॉइन साधारण तीस ते पासष्ट हजार रुपयांच्या दरम्यान मिळत होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा भाव ओलांडला. म्हणजे हे नाणे वर जाईल, असे ज्यांना वाटले त्यांचे काही चुकले नव्हते. ते नाणे जपायला ज्याच्या हाती दिले, तिथे ते बुडाले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या बाजाराचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला मरण पावला. तिजोरीचे संकेतशब्द त्याच्याबरोबरच गेले, असे ग्राहकांना सांगण्यात आले. २०२० मध्ये ऑन्टॅरिओच्या रोखे आयोगाने चौकशी करून जाहीर केले, की तो ग्राहकांचाच पैसा वापरून खोटे व्यवहार करीत होता आणि पैसा बहुतांशी आधीच संपला होता. ७६ हजारांहून अधिक ग्राहक होते. त्यांना वाटत होते, आपल्याकडे नाणी आहेत. प्रत्यक्षात त्यांच्याकडे होता पडद्यावरचा एक आकडा, आणि तो लिहिणारा एकटाच माणूस. बँक नको म्हणून निघालेली मंडळी बिनसनदी बँकेतच जाऊन बसली होती!

"पण कमावलेही अनेकांनी," असे आमच्या वर्गातील मित्र म्हणतात, आणि ते खोटे नाही. मात्र बाझल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये ९५ देशांतील आकडे तपासून अंदाज केला, की २०१५ पासून या मोबाइल ॲपच्या मार्गाने आलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचे बिटकॉइनमध्ये नुकसानच झाले असावे. मे २०२२ मध्ये टेरा आणि नोव्हेंबरात एफटीएक्स कोसळले. भाव घसरताना मोठे धारक विकून मोकळे होत होते आणि लहान माणसे स्वस्त म्हणून घेत होती, हेही त्याच संस्थेच्या पुढील अभ्यासात दिसले.

आपल्या सरकारने २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर बसविला. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. कर घ्यायला माझी हरकत नाही. पण शेअर घेणाऱ्याच्या पाठीशी सेबी आहे, बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, आणि ह्या माणसाच्या पाठीशी कोण? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून २३ कोटी डॉलरहून अधिक मोलाची नाणी चोरीला गेली, तेव्हा खातेदारांचे पैसे अडकले, आणि परतफेडीची योजना ठरली ती सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनीची नोंदणी तिथली. नाशिक-सोलापूरच्या खातेदाराने सिंगापूरला वकील द्यायचा काय?

तेव्हा निदान एवढे तरी व्हावे. जो बाजार येथल्या लोकांकडून रुपये घेतो त्याची उत्तरदायी कंपनी येथलीच असावी. ग्राहकांची नाणी खरोखर शिल्लक आहेत की नाहीत, याची तपासणी बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून दरवर्षी होऊन ती मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध व्हावी. आणि अशा योजनेत ज्याने भाबडेपणाने एक-दोन नातलग आणले, पण स्वतःही बुडाला, त्याला आरोपी न करता साक्षीदार म्हणून तक्रार देता यावी. असे झाले तर काकांसारखी किती माणसे पुढे येतील, ते पोलिसांच्या नोंदवहीतच दिसेल.