विश्लेषण : हनुवटीची जखम भरते, जबडा मात्र जखडतो, उपचार असूनही मुलं उशिरा का पोहोचतात?

मूल पायरीवरून, झाडावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडतं. दोन टाके पडतात, आठवड्यात जखम भरते आणि घरचे विसरून जातात. पुढे काही महिन्यांनी भाकरीचा घास तोंडात जाईना, तेव्हा दाढ दुखत असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेलं जातं. बिघाड मात्र कानाजवळच्या सांध्यात असतो. डॉक्टर याला ‘टीएमजे अँकायलोसिस’ म्हणतात, म्हणजे जबड्याचा सांधा जखडणं. आजार विरळ आहे. पण ज्या घरात होतो तिथे मुलाचं खाणं, बोलणं, झोप सगळंच अडतं.

नेमकं काय होतं?

खालचा जबडा कानाच्या अगदी पुढे कवटीला सांध्याने जोडलेला असतो. हनुवटीवरचा मार थेट तिथे पोहोचतो. सांध्यातलं हाड मोडतं, रक्त साचतं आणि हळूहळू नवं हाड तयार होऊन जबडा कवटीला चिकटतो. कान फुटल्यावर अंगावर काढलं तर तो संसर्गही कधी कधी या सांध्यात उतरतो.

मुलांच्या जबड्याची वाढ याच भागावर अवलंबून असते. म्हणून हनुवटी मागे राहते, चेहरा एका बाजूला वाकडा दिसू लागतो. श्वासाची वाट अरुंद होते. मूल मोठ्याने घोरतं, झोपेत श्वास अडकतो. गावात तोंड उघडत नाही म्हटलं की आधी गुटखा आठवतो. मोठ्यांच्या बाबतीत तो संशय बरोबर असू शकतो, पण लहान मुलाच्या बाबतीत पडल्याची आठवण आधी काढायला हवी.

तालुक्याला ऑपरेशन का होत नाही?

ऑपरेशनमध्ये चिकटलेलं हाड कापून मोकळी जागा केली जाते. ते पुन्हा जुळू नये म्हणून मधे कानशिलाच्या स्नायूचा पदर घालतात. मुलांमध्ये काही वेळा बरगडीचा तुकडा कूर्चेसकट बसवतात, म्हणजे वाढीला वाव राहतो. चेहऱ्याची हालचाल करणारी नस अगदी शेजारून जाते, ती जपावी लागते.

त्याहून अवघड काम भूल देण्याचं. तोंडच उघडत नसल्याने श्वासाची नळी बहुतेक वेळा नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. ही सोय ग्रामीण रुग्णालयात नसते. हे काम जबड्याच्या सर्जनचं, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनचं. ते प्रामुख्याने दंत महाविद्यालयांत भेटतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पण हे माहीत नसल्याने पालक दातांचे डॉक्टर आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर यांच्यात फिरत राहतात आणि वर्षं निघून जातात.

अर्धी लढाई घरी

ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू होतात. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरणं, दर काही दिवसांनी एक काडी वाढवणं, असा तो प्रकार. दुखतं, मूल रडतं, म्हणून घरचे थांबतात आणि सांधा पुन्हा जखडू शकतो. हा व्यायाम अनेक महिने, रोज, दिवसातून बऱ्याचदा करावा लागतो. शेतावर किंवा मजुरीला जाणाऱ्या आईबापांना हेच सगळ्यात जड जातं. तपासणीच्या प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज हा खर्च वेगळाच.

कुठे सुधारायला हवं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तिथे प्रत्येक मुलाला तोंड पूर्ण उघडायला लावायला मिनिटही लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. हे ऑपरेशन त्यात कुठे बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावं. ऑपरेशन झाल्यावर मात्र व्यायाम चालू आहे का, हे गावातच पाहणारं कुणी हवं. आशाताई आणि उपकेंद्राकडे हे काम नेमून दिलं, तर पुन्हा जखडणारे सांधे कमी होतील.

पालकांसाठी खूण सोपी आहे. मुलाने स्वतःची तीन बोटं उभी, एकाखाली एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. बसत नसतील, तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकत असेल किंवा पडल्यानंतर दात नीट जुळत नसतील, तर एक्स-रे काढून जबड्याच्या सर्जनला दाखवावं. पहिल्याच महिन्यात दाखवलं, तर बऱ्याचदा ऑपरेशनची वेळच येत नाही.