पैनगंगेच्या अलीकडचे मौन

दर वर्षी १७ सप्टेंबरला पैनगंगेच्या पलीकडे ध्वजारोहण होते. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, मराठवाडा मुक्तिसंग्रामाची व्याख्याने होतात. नदीच्या अलीकडे, पुसदमध्ये, तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवतो आणि मावळतो. शासकीय नकाशाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पुसद विदर्भात आहे आणि निजामाच्या राजवटीतून मुक्त झालेला प्रदेश पैनगंगेपासून पुढे सुरू होतो. परंतु माणसे नकाशाप्रमाणे जगत नाहीत. १९४७-४८ च्या त्या तेरा महिन्यांत ज्यांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडली, त्यांतील अनेकांचे पुढचे सगळे आयुष्य याच काठावर गेले. ज्या भयाने त्यांना घरदार सोडायला लावले, ते भय मात्र नदीच्या पलीकडे राहिले नाही. ते त्यांच्याबरोबर आले.

वऱ्हाडचा इतिहास या बाबतीत मोठा विलक्षण आहे. १८५३ च्या करारान्वये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. नाममात्र सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले, इतके की १९३६ पासून त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणून मिरवू लागला. तरीही १५ ऑगस्ट १९४७ ला पुसद-उमरखेडकडे तिरंगा चढला आणि समोरच्या काठावर, हदगाव-कळमनुरीकडे, तो चढवणे हा गुन्हा ठरला. एका बाजूला स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला कासीम रझवीचे रझाकार, आणि मध्ये केवळ एका नदीचे पात्र, अशी ती परिस्थिती होती. उमरखेडसह सीमेवर ठिकठिकाणी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. तेथून सशस्त्र प्रतिकाराचे नियोजन होई आणि तेथेच उजाड झालेली कुटुंबेही आश्रयाला येत.

या लढ्याचा राजकीय इतिहास लिहिला गेला आहे, आणि उत्तम लिहिला गेला आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे, नरहर कुरुंदकरांचे परखड विवेचन आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, हे नांदेड जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ९ मे १९४८ रोजी बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात दोनशेच्या आसपास माणसे कापली गेली. तेथे पंचाहत्तर वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, स्मारकाचे अनावरण झाले. कोण मेले, कोठे मेले, कोणी मारले, हे सारे सांगता येते. जे जगले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

तो विचारायला हवा. कारण ज्याच्या डोळ्यांदेखत वडिलांना ओढून नेले, तो आठ वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशीही आठ वर्षांचाच होता. त्याला पुढे शाळेत जायचे होते, लग्न करायचे होते, मुले वाढवायची होती. त्याने ते सगळे केलेही. पण दारावर अवेळी थाप पडली की छातीत धस्स होणे, घोड्यांच्या टापांसारखा आवाज ऐकला की हातपाय गार पडणे, वाड्याचे मागचे दार नेहमी मोकळे ठेवण्याचा हट्ट, धान्याचे पोते आणि चार दागिने एका जागी बांधून ठेवण्याची सवय, या गोष्टींना घरच्यांनी ‘स्वभाव’ म्हटले. ‘बाबा तापट आहेत’, ‘आजी संशयी आहे’, ‘काका कोणाशी बोलत नाहीत’. त्या स्वभावामागे एखादी रात्र आहे, हे पुष्कळदा सुनेला ठाऊक नसे आणि नातवंडांना तर नसेच.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगले. पहिल्या महायुद्धातील खंदकांतून परतलेल्या, थरथर कापणाऱ्या सैनिकांना प्रारंभी भेकड ठरवण्यात आले होते. आघातानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली, व्हिएतनाम युद्धानंतर. त्याची लक्षणे आता सर्वमान्य आहेत. घडलेले प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहणे, दुःस्वप्ने, आठवण करून देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून दूर पळणे, सतत सावध व ताणलेले असणे, आणि पुष्कळदा आपण का वाचलो याची बोचणी. एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हिंसाचार पाहिलेला प्रत्येक माणूस आजारी पडतो असे नाही. बहुसंख्य माणसे कुटुंबाच्या, कामाच्या, श्रद्धेच्या आधाराने सावरतात. पण काहींच्या बाबतीत जखम वरून भरते आणि आत चिघळत राहते. आयुष्यभर कामात बुडवून ठेवलेली आठवण म्हातारपणी, हात रिकामे झाल्यावर, पुन्हा डोके वर काढते, हे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांत आणि नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंत दिसून आले आहे. त्या ज्यूंच्या मुलांमध्येही न पाहिलेल्या छळाची छाया उतरलेली आढळली आणि १९६० च्या दशकापासून तिचा अभ्यास सुरू झाला.

१९४८ मध्ये पुसदच्या माणसाला यातले काही उपलब्ध नव्हते. मनाच्या दुखण्याचे या भागाला ठाऊक असलेले ठिकाण म्हणजे १८६४ साली सुरू झालेले नागपूरचे ‘वेड्यांचे इस्पितळ’, आणि तेथे कोणी आपले माणूस सुखासुखी नेत नसे. मग बाधा झाली म्हणून उतारा, अंगारा, देवऋषी. त्याला आज हसणे सोपे आहे. एवढे खरे की त्या निमित्ताने चार माणसे त्या दुःखी जिवाभोवती बसत होती.

स्त्रियांच्या वाट्याला आलेले मौन तर दुहेरी होते. फाळणीच्या वेळी पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा करावा लागला, आणि परत आणलेल्यांपैकी काहींना त्यांच्याच घरच्यांनी उंबरठ्याच्या आत घेतले नाही. रझाकारी काळातही स्त्रियांवर अत्याचार झाले. पण त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, आणि घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली ती घरातही उच्चारली गेली नाहीत. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचे किंवा भूमिगत असल्याचे पुरावे लागत. हे निकष लढणाऱ्यांसाठी होते. सोसणाऱ्यांसाठी कोणताच निकष नव्हता. पतीची हत्या झाल्यानंतर तीन लेकरांना घेऊन नदी ओलांडणारी आणि पुढची चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात राबणारी स्त्री कोणत्या रकान्यात बसणार होती?

साहित्याने तरी हे काम करावे, तर तेथेही उणेपणा आहे. फाळणीला मंटो मिळाला, भीष्म साहनींचे ‘तमस’ मिळाले. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तो अनुभव व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये शब्दबद्ध झाला. पैनगंगेच्या काठाला त्या तोलाचे पुस्तक अद्याप लाभलेले नाही.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र अनेक ठिकाणी सूडाचे थैमान झाले आणि ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असे मुसलमानही त्यात बळी पडले. पं. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे होते. हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिम कुटुंबांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही. आकड्यांवर वाद घालणाऱ्यांनी जरूर घालावा. परंतु बापाविना वाढलेल्या मुलाच्या झोपेत येणाऱ्या स्वप्नाला धर्म नसतो, आणि आपल्या बाजूचे दुःख तेवढे मोजून दुसऱ्या बाजूचे नाकारल्याने आपले दुःखही हलके होत नाही.

अलीकडच्या घटनांकडे वळले तर चित्र बदललेले दिसते, पण पुरते नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८९ माणसे मारली गेली. त्यातला एक जखमी तरुण नऊ वर्षे अंथरुणाला खिळून राहिला आणि २०१५ मध्ये गेला. त्याच्या घरच्यांसाठी तो स्फोट नऊ वर्षे चालू होता. पुढे २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले, आणि तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा तज्ज्ञ करतील. पण ज्यांनी एकोणीस वर्षे ‘निदान गुन्हेगार सापडले’ या एका वाक्यावर मन सावरले होते, त्यांच्यासमोर ‘मग हे केले कोणी?’ हा पहिल्या दिवसाचा प्रश्न पुन्हा येऊन उभा राहिला. जखम कधी भरते, हे पुष्कळदा न्यायालयाच्या तारखांवरही अवलंबून असते.

मुंबईच्या वाट्याला निदान कॅमेरे येतात. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक असे सोळा जण ठार झाले. २०१६ च्या उरीच्या हल्ल्यात यवतमाळ जिल्ह्यातला जवानही हुतात्मा झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातले सहा होते. अशा प्रत्येक वेळी अंत्ययात्रेला गाव लोटते, घोषणा होतात, धनादेश दिला जातो. तेराव्या दिवसानंतर त्या घरी कोण जाते? सहा महिन्यांनी, पहिल्या दिवाळीला, कोण जाते? समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर स्वतःची छबी हुतात्म्याच्या छबीपेक्षा मोठी छापणाऱ्यांनी तर जरूर विचारावेत.

यवतमाळ जिल्ह्याला तसेही मागे राहिलेल्यांचे दुःख नवे नाही. शेतकरी आत्महत्यांनी येथे हजारो घरे पोरकी केली, आणि त्यातून मानसिक आरोग्याचा विषय निदान चावडीवर आला. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन माणसाची झोप, भूक, उदासी यांची विचारपूस करते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, म्हणजे पुसदहून शंभरएक किलोमीटरवर असल्याने हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवण्यासारखा आहे. हिंसेने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांसाठीही हीच यंत्रणा वापरता येईल. नवे खाते उघडण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न पैनगंगेकाठच्या जुन्या पिढीचा. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. पुसद-उमरखेडच्या महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठीच्या विभागांनी, त्याचप्रमाणे वस्त्या-गावांशी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम या हिवाळ्यातच हाती घेतले पाहिजे. हिंदूंच्या घरी जावे, मुसलमानांच्या घरीही जावे. जाताना मात्र काही पथ्ये पाळावीत. आघातानंतर माणसाला एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याने लाभ होत नाही, उलट काहींना अपाय होतो, असे गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन सांगते. म्हणून प्रश्नांची यादी घेऊन बसू नये आणि भ्रमणध्वनी तोंडासमोर धरू नये. पहिल्या भेटीत शेतीवाडीचे, लेकीबाळींचे बोलावे. घरातली सून किंवा नात जवळ बसू द्यावी. म्हातारी थांबली की थांबावे, आणि ती पाण्याचा तांब्या पुढे करून विषय बदलू लागली तर पाणी प्यावे आणि पुन्हा येतो म्हणून सांगून उठावे. नाव छापायचे की नाही, हे तिला विचारावे.